एका लॅपटॉपमधली दोन बिऱ्हाडं: सुरूच होईना, तर कुठे बघायचं?

एप्रिलमधला शनिवार. आमच्याकडे न्यू जर्सीत दुपारचे साडेबारा, म्हणजे पुण्यात रात्रीचे दहा. एवढ्या उशिरा भाचीचा व्हिडिओ कॉल आला की आधी काळजात धस्स होतं. घरची मंडळी सुखरूप होती, पण लॅपटॉप गेला होता.

"मामा, काळा पडदा येतोय नुसता. वर काहीतरी इंग्रजीत लिहिलंय आणि खाली 'ग्रब' असा शब्द, त्याच्यापुढे कर्सर लुकलुकतोय. कोपऱ्यावरच्या दुकानात दाखवला, तर ते म्हणाले फॉरमॅट मारावा लागेल, डेटा राहणार नाही. आणि माझा अख्खा प्रोजेक्ट त्यात आहे रे!"

भाची एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. प्रोजेक्ट जमा करायला चार दिवस उरलेले आणि शेवटचा बॅकअप फेब्रुवारीतला. लॅपटॉप जुना, एक टेराबाइटच्या फिरत्या हार्ड डिस्कचा. त्यात विंडोज आणि उबुंटू अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम. उबुंटू मीच दोन वर्षांपूर्वी सुट्टीत गेलो असताना घालून दिलं होतं. त्यामुळे निम्मा दोष माझा, असं तिच्या आईचं म्हणणं.

साडेबारा हजार किलोमीटरवरून मी त्या लॅपटॉपला हात लावू शकत नव्हतो. फक्त प्रश्न विचारू शकत होतो. पण सुरू न होणाऱ्या संगणकाच्या बाबतीत बरीचशी दुरुस्ती प्रश्न विचारण्यातच असते. ते प्रश्न कोणते आणि का, त्यासाठी आज हा लेख.

बटण दाबल्यावर नक्की काय होतं?

संगणक सुरू होण्याला 'बूट होणं' म्हणतात. हा शब्द 'बूटस्ट्रॅप'वरून आला. बुटाला मागे जो पट्टा असतो, तो धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, अशी ती गमतीची कल्पना. संगणकापुढची अडचण अगदी तशीच आहे. डिस्कवरचा प्रोग्रॅम वाचायला आधी एक प्रोग्रॅम चालू असावा लागतो. मग पहिला कोण चालवणार?

यावर उपाय म्हणजे खो-खो. छोटा गडी थोड्या मोठ्याला उठवतो आणि तो त्याहून मोठ्याला. आजच्या लॅपटॉपमध्ये साधारण पाच गडी असतात.

१. फर्मवेअर. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम वस्तीला असलेला प्रोग्रॅम. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचं नाव बायोस, आता यूईएफआय. हा मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो.

२. बूट नोंदी आणि ईएसपी. फर्मवेअरजवळ एक छोटी यादी असते: आधी उबुंटू, नाही जमलं तर विंडोज. या नोंदी डिस्कवरच्या एका लहानशा पार्टिशनकडे बोट दाखवतात. हे ईएफआय सिस्टिम पार्टिशन, म्हणजे ईएसपी. आकार बहुधा काहीशे मेगाबाइट. दोन्ही सिस्टिमचे सुरुवातीचे प्रोग्रॅम इथे शेजारी शेजारी नांदतात.

३. बूटलोडर. लिनक्सच्या बाजूला बहुतेक वेळा ग्रब. 'उबुंटू की विंडोज?' असं विचारणारा जांभळा किंवा काळा मेनू दिसतो, तो याचाच.

४. कर्नल. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. हा मेमरीत येतो आणि डिस्कचा ताबा घेतो.

५. बाकीचा पसारा. नेटवर्क, ग्राफिक्स, लॉगिनचा पडदा.

दोन सिस्टिमचा लॅपटॉप म्हणजे दोन बिऱ्हाडांचा वाडा. खोल्या वेगळ्या, पण दिंडी दरवाजा एकच. ईएसपी आणि बूट नोंदी म्हणजे तो दरवाजा. भांडणं होतात ती बहुतेक तिथेच. दरवाजा अडकला म्हणून आतली बिऱ्हाडं जळाली, असं होत नाही. संगणक सुरू न होणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही आणि मग डेटा जातो तो बिघाडामुळे नव्हे, घाईच्या उपायामुळे.

खो कुठे थांबला?

म्हणून पहिला प्रश्न: पडद्यावर शेवटचं काय दिसलं?

काहीच दिसत नसेल, कंपनीचं बोधचिन्हसुद्धा नाही, तर पहिलाच गडी उठलेला नाही. हा हार्डवेअरचा मामला: चार्जर, बॅटरी, मेमरीची पट्टी. ऑपरेटिंग सिस्टिमचा यात काही संबंध नाही.

बोधचिन्ह येतं आणि मग 'बूट करण्याजोगं उपकरण सापडलं नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, तर खो दुसऱ्या गड्यावर थांबला. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्क तिथे दिसते का ते बघायचं. दिसत नसेल तर डिस्क किंवा तिची जोडणी संशयित. दिसत असेल तर बूट नोंद पुसली गेली असण्याची शक्यता मोठी. एक खास सापळा इथे आहे: सेटिंग मूळपदावर गेल्यावर डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलू शकते, रेडची एएचसीआय होते किंवा उलट. मग विंडोज निळा पडदा दाखवून 'बूट डिव्हाइसपर्यंत पोहोचता येत नाही' म्हणतं. सेटिंग पूर्ववत केली की गाडी रुळावर.

मेनू न येता लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जातो, तर बिघाड असा नाहीच. नोंदींचा क्रम बदललाय, कधी कधी मोठ्या अपडेटनंतर असं होतं. फर्मवेअरमध्ये उबुंटूला पुन्हा वर सरकवलं की झालं.

मेनू येतो, उबुंटू निवडता आणि पडदा काळा होतो, तर खो चौथ्या-पाचव्या गड्यापाशी आहे. मेनूतल्या प्रगत पर्यायांत जुना कर्नल निवडून पाहायचा. उबुंटू मागचा एखादा कर्नल मुद्दाम ठेवून देतं ते यासाठीच. दीड मिनिट थांबून 'इमर्जन्सी मोड' आला, तर बहुधा लिनक्स आता अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनची वाट पाहत होतं. पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचा पडदाच परत येत असेल, तर डिस्क काठोकाठ भरली आहे का ते आधी पाहा.

भाचीच्या पडद्यावर काळी पार्श्वभूमी आणि 'ग्रब'पुढे कर्सर होता. म्हणजे फर्मवेअर उठलं, नोंद सापडली, ईएसपीमधून ग्रबही आला. तिघांनी आपापलं काम चोख केलं होतं. पण ग्रबला आपला मेनू कुठे ठेवलाय ते सापडेना. तो मेनू आणि ग्रबचं बाकीचं सामान उबुंटूच्या पार्टिशनमध्ये असतं. सामान नाही म्हटल्यावर ग्रबने 'आता तुम्हीच सांगा काय करू' म्हणून हात पुढे केला होता. एवढाच त्या लुकलुकणाऱ्या कर्सरचा अर्थ.

दुसरा प्रश्न: दुसरी सिस्टिम चालते का?

"लॅपटॉप बंद कर. चालू करताना एफ-बारा दाब." (काही कंपन्यांत एफ-नऊ किंवा एस्केप असतं.) बूट नोंदींची यादी आली. तिने विंडोज निवडलं आणि विंडोज मुकाट्याने सुरू झालं. म्हणजे डिस्क जिवंत होती आणि दुकानातलं निदान चुकलेलं होतं.

तिसरा प्रश्न, सगळ्यांत महत्त्वाचा: शेवटचं चाललं, त्यानंतर काय बदललं?

"काहीच नाही," भाची म्हणाली. सगळे असंच म्हणतात. मी विचारलं, मधे दुसऱ्या कुणी वापरला का? फोनच्या पलीकडे शांतता. मग मागून भाच्याचा आवाज आला, "मामा, मी... गेमला जागा कमी पडत होती ना."

न दिसणारी खोली

झालं होतं ते असं. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर त्याला दीडशे गिगाबाइटचा एक तुकडा दिसला. ना नाव, ना सी-डीसारखं अक्षर. लिनक्स ज्या एक्स्ट-फोर पद्धतीने फाइल्स मांडतं, ती विंडोजला वाचता येत नाही, त्यामुळे भरलेली खोली रिकामी वाटते. त्याने 'डिलीट' केलं. ती जागा सी ड्राइव्हला जोडायला गेला, तर मध्ये विंडोजचंच रिकव्हरी पार्टिशन आडवं आलं. डिस्क मॅनेजमेंट फक्त लगतची जागा जोडू देतं. गेम बसला नाही म्हणून साहेब हिरमुसून उठले. ते आडवं आलेलं पार्टिशन भाचीच्या नशिबाने तिथे होतं.

पार्टिशन 'डिलीट' केल्यावर नक्की काय पुसलं जातं?

आधुनिक डिस्कच्या सुरुवातीला जीपीटी नावाचा तक्ता असतो. त्यात साधारणपणे १२८ नोंदींची सोय, प्रत्येक नोंद १२८ बाइटची. हे पार्टिशन या सेक्टरपासून त्या सेक्टरपर्यंत, एवढंच नोंदीत लिहिलेलं. तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. याआधीची पद्धत फारच काटकसरीची होती. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर आलेल्या डॉसपासून पार्टिशनचा सगळा तक्ता ६४ बाइटमध्ये बसवलेला असे: चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट. त्याच ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बूटलोडरचा पहिला तुकडा कोंबायचा, ४४६ बाइटमध्ये. तिथे दोन सिस्टिम एकमेकींचा लोडर सरळ पुसून टाकत. आज ईएसपीमध्ये दोघींचे प्रोग्रॅम वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, म्हणून ते भांडण कमी झालं आहे.

भाच्याने पुसली ती फक्त तक्त्यातली नोंद, दोन्ही प्रतींमधली. पण पार्टिशनच्या आतलं काही हललं नव्हतं. एक्स्ट-फोर पार्टिशनच्या सुरुवातीपासून १,०२४ बाइटवर 'सुपरब्लॉक' असतो. त्यात या फाइलसिस्टिमचा आकार, मांडणी आणि तिचा यूयूआयडी नावाचा ओळख क्रमांक लिहिलेला असतो. सुपरब्लॉकच्या प्रती आणखी ठिकठिकाणी असतात. म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडलं, तरी शेताच्या बांधावरचे दगड जागच्या जागी होते. बांध शोधून उतारा परत लिहायचा, एवढंच काम.

हे जमलं, कारण डिस्क फिरती होती आणि त्या जागेवर काही नवं लिहिलं गेलं नव्हतं. एसएसडी असती तर मी एवढा निर्धास्त नसतो. एसएसडीला 'ही जागा आता नको' असं कळवण्याची ट्रिम नावाची सोय असते. तसा निरोप गेला असेल, तर एसएसडी आपल्या सवडीने ती जागा खरोखरच पुसते. तिथे चूक लक्षात आल्याक्षणी लॅपटॉप बंद करणं हाच पहिला उपचार.

रात्री दीड वाजता

तिला पहिली सूचना दिली: आता विंडोजमध्ये काहीही करायचं नाही. लॅपटॉप बंद. शेजारच्या मैत्रिणीच्या संगणकावर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार केला. त्यावरून लॅपटॉप सुरू केला. 'इन्स्टॉल' नाही, 'ट्राय' निवडायचं, हे तीनदा बजावून.

मग टेस्टडिस्क. हरवलेली पार्टिशनं शोधणारं हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर ख्रिस्तॉफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं. ते डिस्क धुंडाळत सुपरब्लॉकसारख्या खुणा शोधतं. दीडशे गिगाबाइटचं एक लिनक्स पार्टिशन त्याला सापडलं. इथे लगेच 'लिहा' म्हणायचा मोह होतो, तो आवरायचा. टेस्टडिस्कमध्ये काहीही न लिहिता आतल्या फाइल्सची यादी पाहता येते आणि त्या दुसरीकडे उतरवूनही घेता येतात. भाचीने प्रोजेक्टचं फोल्डर उघडलं. आधी एका वेगळ्या पेनड्राइव्हवर त्याची प्रत घेतली, उघडून खात्री केली. त्या क्षणी तिचा आवाज बदलला. पुण्यात रात्रीचा दीड वाजला होता.

त्यानंतरच तक्ता लिहिला. पण त्याआधी जुन्या तक्त्याचा फोटो काढून ठेवला आणि नव्या यादीत विंडोजची सगळी पार्टिशनं आहेत ना, हे एकेक करून ताडून पाहिलं. टेस्टडिस्क पूर्ण तक्ता नव्याने लिहितं, यादीतून जे सुटेल ते नोंदीतूनही जाईल.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि ग्रबचा मेनू आपणहून आला. ग्रबला वेगळी दुरुस्ती लागलीच नाही. कारण ईएसपीमधला ग्रब 'डिस्कवरचं पाचवं पार्टिशन' असं शोधत नाही, तो यूयूआयडी शोधतो. तो क्रमांक सुपरब्लॉकमध्ये जसाच्या तसा होता.

एकाच दरवाजावरची बाकीची भांडणं

भाचीचं प्रकरण मिटलं, पण दोन बिऱ्हाडांच्या लॅपटॉपमध्ये आणखी चार ठिकाणी कुरबुर होते.

सिक्युअर बूट. फर्मवेअर फक्त विश्वासू सही असलेल्या प्रोग्रॅमलाच खो देतं, अशी ही व्यवस्था. बहुतेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टची किल्ली आधीच बसवलेली असते, म्हणून लिनक्सवाले 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतात. शिम ग्रबला उठवतो. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने धोकादायक ठरलेल्या जुन्या लोडरना मज्जाव करणारा नियम लागू केला. दोन सिस्टिमच्या संगणकांना तो लागू होणार नव्हता, पण काही ठिकाणी ती ओळख पटली नाही. 'काहीतरी गंभीर बिघडलं आहे' अशा अर्थाचा संदेश देऊन कित्येकांचं लिनक्स सुरू व्हायचं थांबलं. त्यावर उपाय होता: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन मोकयूटिल या आज्ञेने तो नियम काढायचा, लिनक्स अद्ययावत करायचं आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ च्या अपडेटमध्ये हा प्रश्न सोडवला.

बिटलॉकर. वरचा उपाय करण्याआधी हे वाचा. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये विंडोजचं पार्टिशन आपोआप कुलूपबंद असतं. होम आवृत्तीत त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. सिक्युअर बूटची सेटिंग हलवली की विंडोजला संशय येतो आणि ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, पण नसली आणि तुमच्याकडेही नसली, तर तो डेटा कुणीही परत आणू शकत नाही. दरवाजा अडकला तरी बिऱ्हाड सुखरूप, हे जे वर म्हटलं, त्याला हा अपवाद. म्हणून आधी की लिहून घ्या, मग सेटिंगला हात लावा.

फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून 'शटडाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हे. कर्नलची अवस्था डिस्कवर गोठवून ठेवलेली असते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर जाग यावी. अशा अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या पार्टिशनवर लिनक्सने काही लिहिलं, तर घोटाळा होऊ शकतो. म्हणून लिनक्स ते बहुधा फक्त वाचण्यापुरतं उघडतं किंवा उघडतच नाही. दोन सिस्टिम असतील तर ही सोय बंदच ठेवा. निदान शिफ्ट दाबून शटडाउन करा.

घड्याळ. हे भांडण आपल्यासारख्या परदेशस्थांना चटकन ओळखू येईल. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. म्हणून पुण्यात उबुंटूतून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं, आणि न्यू जर्सीत हिवाळ्यात पाच तास, उन्हाळ्यात चार तास पुढे. फरक तुमच्या टाइमझोनएवढाच असेल तर बॅटरी बदलायची गरज नाही. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एक सेटिंग बदलली की पुरे.

या शनिवारी एवढं करा

लॅपटॉप चालू आहे तोवरच करायची ही कामं आहेत. एक लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून खणात ठेवा. बिटलॉकरची की कागदावर लिहा, त्याच लॅपटॉपमध्ये नको. डिस्क मॅनेजमेंट उघडून पार्टिशनच्या तक्त्याचा फोनवर फोटो काढा आणि त्यातला बिननावाचा तुकडा कुणाचा आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. लॅपटॉप अडलाच, तर तीन प्रश्न क्रमाने: शेवटचं काय दिसलं, दुसरी सिस्टिम चालते का, आणि काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि फाइल्सची प्रत हातात येईपर्यंत डिस्कवर काही लिहायचं नाही, मग दुकानात कुणी काहीही म्हणो.

प्रोजेक्ट वेळेत जमा झाला. भाच्याला दोन आठवडे लॅपटॉपला हात लावायची बंदी होती. त्या मुदतीत तो बहिणीकडून उबुंटू शिकला. मागच्या आठवड्यात त्याचाच फोन आला, "मामा, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे का रे?"